आराखडे येतात, मुख्याध्यापक जातात
मराठवाड्यातील जिल्हा परिषद प्रशाला आणि सातत्याने सुधारण्याचा प्रश्न

पुण्या-सोलापूरकडे 'प्रशाला' म्हटले की एखाद्या जुन्या शिक्षणसंस्थेची शाळा आठवते. मराठवाड्यात प्रशाला म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची माध्यमिक शाळा. हा फरक नुसत्या नावाचा नाही, त्यामागे इतिहास आहे. पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढच्या काही दशकांत खेड्यापाड्यांत संस्थांची हायस्कुले उभी राहिली. त्याच काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे शिक्षण सरकारी होते आणि त्याची भाषा उर्दू होती. प्राथमिक ती तहतानिया, माध्यमिक ती वस्तानिया आणि हायस्कूल ते फोकानिया. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय अशी लोकांनी चालवलेली केंद्रे होती, पण ती मोजकीच. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जुनी सरकारी हायस्कुले या जिल्हा परिषदांच्या पदरात पडली. म्हणून आजही वसमत तालुक्यातील हट्टा किंवा त्यासारख्या मोठ्या गावांच्या परिसरात शेतमजुराच्या मुलाला दहावीपर्यंत नेणारी वाट बरेचदा जिल्हा परिषदेच्या दारातून जाते.

संस्थेच्या शाळेला संस्थाचालक असतो. तो चांगला असो वा वाईट, वीस-पंचवीस वर्षे जागचा हलत नाही. कोणत्या साली कोणता वर्ग कच्चा होता, गणिताचे सर सोडून गेले तेव्हा काय झाले, हे त्याच्या लक्षात असते. प्रशालेत असा माणूस नसतो. मुख्याध्यापक निवृत्त होतात किंवा बदलून जातात, मधल्या काळात ज्येष्ठ शिक्षकांकडे प्रभारी पदभार येतो, शिक्षक बदलतात, शिक्षणाधिकारी बदलतात आणि मुंबईहून येणाऱ्या योजनेचे नावही बदलते. शाळा सुधारण्यासाठी काय करावे हे सांगणारे कागद आपल्याकडे भरपूर आहेत. अडचण 'सातत्य' या शब्दाची आहे. मागच्या वर्षी काय ठरवले होते, त्यातले काय जमले आणि काय फसले, हे पुढच्या वर्षी शाळेत कोणाला ठाऊक असते? या लेखाचा प्रश्न एवढाच आहे.

आराखड्याची जुनी कल्पना

प्रत्येक शाळेने स्वतःची योजना स्वतः करावी, हा विचार आपल्याकडे एका मराठी माणसाने नेटाने मांडला. जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्याच्या बहिरेवाडीचे. जन्म १९०७, मृत्यू १९८१. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगल्यावर त्यांनी धारवाड जिल्ह्यातील उप्पिनबेटगिरी या खेड्यात ग्रामसुधारणेचे काम केले. पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९६४ साली डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, त्याचे सदस्य-सचिव नाईक होते. आयोगाचा अहवाल जून १९६६ मध्ये सादर झाला.

त्या अहवालातील आणि नाईकांच्या नंतरच्या लेखनातील एक मुद्दा आजही ताजा आहे. देशाचे शैक्षणिक नियोजन दिल्लीत होते, राज्याचे मुंबईत होते, जिल्ह्याचे जिल्ह्यात होते, पण शिकण्या-शिकवण्याचे काम जिथे होते त्या शाळेची योजनाच नसते. ती शाळेने करावी, यालाच संस्थात्मक नियोजन म्हटले गेले. नाईकांचा आग्रह होता की ही योजना मागण्यांची यादी होऊ नये. खोल्या हव्यात, शिक्षक हवेत, पैसे हवेत, हे खरेच असते आणि ते मागितलेही पाहिजे. मात्र जेवढी माणसे आणि साधने आज हाताशी आहेत, त्यांत अधिक चांगले काय करता येईल, हा प्रश्न योजनेच्या केंद्रस्थानी हवा.

आयोगाची दुसरी कल्पना शाळासंकुलाची होती. एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी तिच्याशी जोडून घ्यावे आणि सगळ्यांनी मिळून सुधारणा करावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळासंकुल आणि शाळा विकास आराखडा हे दोन्ही शब्द पुन्हा आले आहेत. मधली चौपन्न वर्षे ही कल्पना बी.एड.च्या पुस्तकांत परीक्षेपुरती राहिली.

कायद्यातील आराखडा

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आराखड्याला कायद्याचे बळ दिले. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कलम २२ नुसार या समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा. त्याच वर्षी राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान सुरू झाले आणि नववी-दहावीच्या शाळांसाठी शाळा व्यवस्थापन व विकास समिती आली. २०१८ पासून या सगळ्या योजना समग्र शिक्षा या एका छत्राखाली आहेत.

मात्र केंद्राच्या नमुना नियमांत या आराखड्यात काय असावे असे सांगितले आहे, ते वाचण्यासारखे आहे. तीन वर्षांचा आराखडा, त्यात तीन वार्षिक उपआराखडे. त्यात वर्गवार पटाचा अंदाज, जादा शिक्षकांची गरज, खोल्या आणि साधनांची गरज, पैशाची गरज. नाईक जिला मागण्यांची यादी म्हणत होते, ती हीच. मुलाला काय येते आणि काय येत नाही, यासाठी त्यात ठरलेला रकाना नाही. त्यामुळे बहुतेक आराखडे संरक्षक भिंत, स्वच्छतागृह, संगणक कक्ष आणि शेड यांवर संपतात. या गोष्टी लागतातच. पण भिंत बांधून झाली की आराखडा पूर्ण झाला असे वाटू लागते, आणि वर्गात काय बदलले हे विचारायचे राहून जाते.

२०१५ साली राष्ट्रीय पातळीवर 'शाळासिद्धी' आली. सात क्षेत्रे, ४६ गाभा मानके, प्रत्येकाचे तीन स्तर, शाळेने केलेले स्वयंमूल्यमापन, त्यानंतर बाह्य मूल्यमापन आणि शेवटी सुधारणेचा कृती आराखडा. कल्पना चांगली होती, कारण तिने शाळेला आरशासमोर उभे केले. पण स्वयंमूल्यमापनातून श्रेणी निघते म्हटल्यावर शाळांचे लक्ष आरशावरून श्रेणीवर गेले. 'अ' श्रेणी मिळाल्यावर कृती आराखड्यात लिहायचे काय, हा प्रश्न मुख्याध्यापकांना पडणे साहजिक होते.

जून २०१५ मध्ये आपल्या राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथले काम शिक्षकांनी एकत्र बसून, मूल कसे शिकते याचा विचार करत, हळूहळू उभे केलेले होते. परत आलेल्या अनेकांनी आपल्या शाळेत काय आणले? फरशीवरच्या आकृत्या आणि रंगवलेल्या भिंती. डोळ्यांना दिसते तेवढे उचलता येते. महिन्याच्या बैठकीत झालेल्या चर्चेला रंग नसतो, म्हणून ती तिथेच राहते.

निकाल काय सांगतो आणि काय लपवतो

प्रशालेची गुणवत्ता विचारली की दहावीच्या निकालाची टक्केवारी सांगितली जाते. हा आकडा खोटा नसतो, पण अर्धा असतो. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले, एवढेच तो सांगतो. परीक्षेपर्यंत न पोहोचलेली मुले त्यात नसतात.

एक उदाहरण घेऊ. ते कोणत्याही शाळेचे नाही, हिशेब समजावा म्हणून बनवलेले आहे. जून २०२२ मध्ये आठवीत १०० मुले होती. नववीच्या अखेरीस त्यांतली ८४ उरली. दहावीचा परीक्षा अर्ज ७१ जणांनी भरला. मार्च २०२५ च्या परीक्षेत ६६ पास झाले. शाळेचा निकाल लागला ९३ टक्के. फलक लागला, पेढे वाटले गेले, आणि त्यात वावगे काही नाही. पण आठवीत नाव असलेल्या शंभरातली दहावी पार करणारी मुले ६६.

परीक्षेचा अर्जच न भरलेल्या २९ मुलांचे काय झाले? जनरल रजिस्टर उघडले तर उत्तर सापडते. समजा ११ जणांनी दाखला काढून दुसऱ्या शाळेत नाव घातले. त्यांना शाळेचे अपयश म्हणता येणार नाही, त्यांचा हिशेब वेगळा ठेवायचा. ६ जण नववीत राहिले. ८ जणांनी शाळा सोडली. यात कोणी ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर गेलेला असेल, कोणा मुलीचे लग्न ठरले असेल. आणि ४ जणांपुढे काहीच लिहिलेले नाही. या शेवटच्या चौघांबद्दल शाळेला प्रश्न पडायला हवा.

नववी ही या वाटेवरची चाळणी आहे. आठवीपर्यंत मूल पुढे सरकत येते. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आल्या आहेत, तरी कच्चेपणा खऱ्या अर्थाने उघडा पडतो तो नववीतच. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून नववीतच गाळायचे, किंवा कच्च्या मुलाला '१७ नंबरचा फॉर्म' भरून बाहेरून बस म्हणायचे, हे प्रकार महाराष्ट्रात कोणाला नवे नाहीत. अशाने निकाल वाढतो, शाळा सुधारत नाही. उलट दहावीच्या टक्क्यांवरच सगळी नजर असेल, तर कच्चे मूल ही शाळेला अडचण वाटू लागते. म्हणून सातत्याने सुधारू पाहणाऱ्या प्रशालेने पहिला आकडा हाच धरावा : आठवीत आलेल्यांपैकी किती जणांना आपण तीन वर्षांत दहावीपार नेले. दाखला घेऊन गेलेले वजा करा, बाकीच्या प्रत्येकाचे उत्तर शाळेकडे हवे.

चढउतार कसा वाचायचा

आकडा हाती आला की दुसरी चूक होते. तो एका वर्षी चारने वाढला की सत्कार, चारने घटला की नोटीस. हा घोटाळा ओळखण्याची रीत एका कारखान्यात सापडली. वॉल्टर शूहार्ट हे अमेरिकेतील टेलिफोन कंपनीत काम करणारे संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी १९२४ साली एक साधा तक्ता मांडला. कोणत्याही कामात थोडा चढउतार नेहमीच होतो, तो त्या कामाच्या घडणीतच असतो. कधीतरी मात्र एखाद्या खास कारणाने आकडा नेहमीच्या पट्ट्याबाहेर जातो. पहिल्या प्रकारासाठी कोणा एकाला बोल लावून उपयोग नसतो, कामाची पद्धतच बदलावी लागते. दुसऱ्या प्रकारात त्या खास कारणाचा शोध घ्यावा लागतो. एडवर्ड्स डेमिंग यांनी हा विचार पुढे नेला आणि १९५० साली जपानमध्ये व्याख्याने दिली. जपानी कारखान्यांतील 'कायझेन', म्हणजे रोज थोडी सुधारणा, या परंपरेला त्यातून बळ मिळाले. योजा, करा, अभ्यासा, बदला आणि पुन्हा योजा, असे ते चक्र आहे. डेमिंग तिसऱ्या पायरीला तपासणी म्हणत नसत, अभ्यास म्हणत. तपासणारा चूक शोधतो, अभ्यास करणारा कारण शोधतो.

हे शाळेत कसे उतरते? नववीच्या उपस्थितीचा आठवड्याला एक ठिपका काढा. जून ते एप्रिल अशी रेघ तयार होते. अशा तीन वर्षांच्या रेघा एकाखाली एक ठेवल्या की शेतीचे वेळापत्रक त्यात दिसू लागते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमत भागात हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवण. सोयाबीनच्या आठवड्यांत मुले गैरहजर राहतात हे शिक्षकांना माहीत असतेच. पण माहीत असणे वेगळे आणि त्यानुसार घटक नियोजन बदलणे वेगळे. दरवर्षी त्याच पंधरवड्यात ठिपका खाली जात असेल, तर ती मुलांची बेपर्वाई नव्हे. तो या गावातल्या वर्षाचा भाग आहे. मग बीजगणिताचा नवा, अवघड भाग त्या पंधरवड्यात सुरू करायचा नाही, तिथे उजळणी ठेवायची. प्रथम सत्र परीक्षेच्या आधी परतलेल्या मुलांसाठी चार दिवस राखायचे. याला शासन निर्णय लागत नाही.

आणि एखाद्या वर्षी जुलैतच ठिपका एकदम खाली गेला, तर ते खास कारण. कुठली बस बंद झाली का, कुठल्या ओढ्यावरचा पूल वाहून गेला का, वर्गात काही अप्रिय घडले का, हे त्याच आठवड्यात विचारायचे.

एक प्रश्न, एक वर्ष

आता प्रत्यक्ष आराखडा. ४६ मानकांवर एकाच वर्षी काम करता येत नाही. प्रशालेने एका वर्षासाठी एकच प्रश्न घ्यावा, आणि तो मुलांच्या शिकण्याचा असावा. समजा प्रश्न असा ठरला : नववीत येणाऱ्या किती मुलांना भागाकार येत नाही, आणि दिवाळीपर्यंत त्यांची संख्या निम्मी कशी करायची?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जमले ते सुमारे ४३ टक्क्यांना. नववीच्या पुस्तकातले बहुपदी आणि संच या मुलांना कसे समजणार?

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळ्या नववीला एक पानाची चाचणी द्यावी. हातच्याची वजाबाकी, भागाकार, अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्या, आणि मराठीतला एक उतारा वाचून दोन प्रश्नांची उत्तरे. गुण द्यायचे नाहीत. एका मोठ्या कागदावर डावीकडे मुलांची नावे, वर या पायऱ्या, आणि जिथे जमते तिथे खूण. तासाभरात वर्गाचे चित्र तयार होते. कोण कुठे अडकले आहे ते शिक्षकाला नावानिशी दिसते.

मग उपाय. सहसा पहिला उपाय 'जादा तास' असतो आणि तो शाळा सुटल्यावर ठेवला जातो. इथे चक्रातली अभ्यासाची पायरी उपयोगी पडते. महिन्याने पाहिले तर जादा तासाला बसणारी मुले गावातलीच निघतात. आजूबाजूच्या वाड्यांवरून येणारी मुले एस.टी.वर अवलंबून असतात. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर येणाऱ्या मुली शेवटची सोयीची बस चुकवू शकत नाहीत. म्हणजे ज्यांना तास सर्वांत जास्त हवा, तीच मुले त्यात नसतात. उपाय चुकीचा नव्हता, वेळ चुकली. मग तो तास शाळेच्या वेळेत आणायचा : आठवड्यातून तीन दिवस पहिल्या तासिकेची वीस मिनिटे, पायरीनुसार गट, आणि पक्क्या मुलांना कच्च्यांच्या जोडीला बसवणे. नोव्हेंबरमध्ये तीच चाचणी पुन्हा. संख्या निम्मी झाली तर पद्धत पुढच्या वर्षी आठवीला लावायची. नाही झाली तर का नाही ते दोन ओळींत लिहायचे. त्या दोन ओळी पुढच्या शिक्षकाला सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

याला खर्च किती? समग्र शिक्षेच्या निकषांनुसार २५० ते १००० पटाच्या शाळेला वर्षाला ७५ हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते. वीजबिल, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्तीतच ते जाते. वरच्या योजनेला लागतो तो कागद आणि शिक्षकांचे महिन्यातले दोन तास. हे दोन तास काढणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. शिक्षकांवर माहिती भरण्याचे आणि निवडणुकीचे काम असते. रिकामी पदे आराखड्याने भरत नाहीत. गणिताला शिक्षकच नसेल तर आधी शिक्षक मागितला पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत आराखडा गप्प बसू नये. म्हणूनच मागण्यांचा कागद आणि सुधारणेचा कागद वेगळे ठेवावेत. पहिला वर पाठवायचा, दुसरा शाळेत राहू द्यायचा.

आणखी एक गाठ आहे. मूल आठवीत किंवा नववीत येते ते आजूबाजूच्या प्राथमिक शाळांतून. जिल्हा परिषदेत प्राथमिकचे शिक्षणाधिकारी वेगळे, माध्यमिकचे वेगळे. केंद्रप्रमुख प्राथमिक शाळा पाहतात, प्रशाला त्यांच्या कक्षेत नसते. त्यामुळे नववीत कळलेली गोष्ट पाचवीच्या शिक्षकापर्यंत जातच नाही. जूनच्या चाचणीचा गोषवारा, मुलांची नावे न घालता, प्रत्येक प्राथमिक शाळेला पाठवला आणि वर्षातून एकदा एकत्र बसले, तर कोठारी आयोगाचे शाळासंकुल तेवढ्यापुरते तरी उभे राहते.

खरा आकडा आणि भीती

सुधारणेच्या वाटेत सर्वांत मोठा अडथळा भीतीचा असतो. डेमिंग यांनी भीती काढून टाकण्यावर फार भर दिला होता, कारण घाबरलेला माणूस आकडा सुधारतो, काम सुधारत नाही. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात याचा मोठा धडा घडला आहे. २०१० साली नांदेडमध्ये जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी दहावी-बारावीच्या परीक्षांत कॉपीमुक्तीची मोहीम राबवली. निकाल खाली आला. त्या एका वर्षात नांदेडची मुले मठ्ठ झाली असे कोणी म्हणणार नाही. आधीचा आकडा फुगलेला होता, नवा खरा होता. खरेपणाकडे टाकलेल्या पहिल्या पावलात आकडा बरेचदा पडतो. ते पाऊल टाकणाऱ्याला त्या वर्षी सांभाळून घेतले, तरच दुसरे पाऊल पडते.

एखाद्या मुख्याध्यापकाने प्रामाणिकपणे लिहिले की शंभरातली ६६ मुले पार झाली आणि चौघांचा पत्ता नाही, आणि बैठकीत त्यालाच उभे करून जाब विचारला गेला, तर पुढच्या वर्षी तो चौघांपुढे 'स्थलांतर' लिहील. अधिकाऱ्यांनी या आकड्यावरून शाळांची क्रमवारी लावू नये. दहा गावांची मुले येणारी प्रशाला आणि शहरातील निवडक मुलांची शाळा एका रांगेत उभ्या करून काही कळत नाही. प्रशालेची तुलना तिच्याच मागच्या तीन वर्षांशी करावी.

लातूर पॅटर्नचा दाखला इथे नेहमी दिला जातो. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी सराव परीक्षा, चुकांची चर्चा आणि जादा तास यांचे वेळापत्रक वर्षानुवर्षे न मोडता चालवले, हे त्या यशाचे खरे कारण आहे. त्यांच्याकडून घ्यायचे ते हे सातत्य. मात्र तिथे मुले आपणहून निवडून येतात. प्रशालेला निवडीचा अधिकार नाही आणि नसावाही. म्हणून तिचे यश पहिल्या दहा मुलांवर मोजून चालणार नाही, शेवटच्या दहांवर मोजावे लागेल.

वही कोणाकडे राहील

मुख्याध्यापक बदलतात तेव्हा पदभार देण्याघेण्याची यादी होते. जडवस्तू नोंदवहीतील बाके, कपाटे, प्रयोगशाळेतील तराजू, पाय मोडलेल्या खुर्च्या, नकाशे, सगळे मोजून सह्या होतात. हे योग्यच आहे, सरकारी मालमत्ता आहे. पण नववीतली कोणती मुले भागाकारात अडकली आहेत, मागच्या वर्षी जादा तास का फसला, वाडीवरच्या मुलींची बस कोणत्या वेळेची, यासाठी त्या यादीत ओळ नसते. नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि दोन वर्षांनी तोही जातो.

उपाय साधा आहे. सुधारणेची एक जाड वही ठेवावी. तिच्यात दरवर्षी पाचच गोष्टी : आठवीतून दहावीपर्यंतचा हिशेब, उपस्थितीची रेघ, वर्षाचा एक प्रश्न, काय केले, आणि काय कळले. तिला इतर नोंदवह्यांसारखा क्रमांक द्यावा आणि पदभाराच्या यादीत तिची नोंद करावी. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरमध्ये आणि एप्रिलमध्ये, समितीच्या बैठकीत तिचे पान वाचून दाखवावे आणि ते इतिवृत्तात घ्यावे. मुलांची नावे वाचायची नाहीत, आकडे वाचायचे. समितीतले पालकही बदलतात, पण गाव तेच असते. आज आठवीतल्या मुलीची आई समितीत असेल, तर तीन वर्षांनी तिच्या धाकट्याचा प्रश्न येतोच. मुख्याध्यापकांना 'मागच्या वर्षीच्या त्या चार पोरांचं काय झालं?' असे विचारण्याचा हक्क तिला कायद्याने दिलेला आहे. तो वापरायला हातात आकडा लागतो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरेल तेव्हा सोयाबीन घरात आलेले असेल, कापूस वेचणी चालू असेल आणि काही बाके रिकामी असतील. गेल्या तीन वर्षांचे जनरल रजिस्टर आणि दहावीची निकालपत्रके समोर घेऊन दोन शिक्षक बसले, तर पहिला हिशेब मांडायला एक दुपार पुरते. वहीचे पहिले पान त्या दुपारी भरता येईल.